शॉवरच्या पाण्यातून करंट जाणवतो तेव्हा बिघाड एक नसतो, दोन असतात

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात तीस वर्षं जुन्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर आहे. पंधरा दिवसांपासून शॉवरचा नळ फिरवताना हाताला झिणझिण्या येतात, कधीकधी पाण्याच्या धारेतूनही जाणवतं. वायरमनने पिन बदलली, टेस्टर लावून बघितला आणि 'किरकोळ आहे, स्लीपर घालून आंघोळ करा' असं सांगून गेला. घरात सासूबाई आणि दोन लहान मुलं आहेत. गीझर बदलून टाकावा का?"

ताई, पुढचं वाचण्याआधी उठून एक काम करा. डीबीमधला (घरातल्या सगळ्या लाइनींच्या स्विचची पेटी) गीझरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका, खाली पाडा. मग कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून, गीझरची पिन बोर्डातून काढून ठेवा. पिन जळकी दिसत असेल किंवा बोर्ड ओला असेल तर तिला हात लावू नका, सरळ मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर लक्षात ठेवा, मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या लाइनी चालूच राहतात. बोर्डावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: 'गीझर लावू नये'. सासूबाईंना आणि मुलांना तोंडी सांगा, कारण सकाळच्या घाईत कागद कोणी वाचत नाही. तपासणी होईपर्यंत त्या बाथरूममध्ये कोणीही आंघोळ करू नये. गार पाण्यानेही नको. हे का, ते पुढे येईलच. तोवर गॅसवर पाणी तापवा आणि दुसऱ्या ठिकाणी बादलीने आंघोळ करा. पाणी नेताना मुलांना वाटेतून दूर ठेवा. न्हाणीत उकळत्या पाण्याने भाजल्याच्या घटना मी शॉकपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

आता 'किरकोळ आहे' या शब्दाबद्दल. मी २७ वर्षं घरगुती वायरिंगची कामं करतो आहे आणि या एका शब्दाची मला मनापासून भीती वाटते. एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह शरीरातून गेला की झिणझिण्या येतात. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेला नळ सोडता येत नाही. तीसच्या पुढे, तोही काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. मग तुम्हाला आज फक्त झिणझिण्या का आल्या? पायाखालची फरशी बऱ्यापैकी कोरडी असेल, चप्पल असेल, पाण्याच्या धारेने थोडा रोध दिला असेल. यातलं काहीही उद्या बदलू शकतं. मूल अनवाणी असेल, फरशीवर साबणाचं पाणी साचलेलं असेल, एक हात नळावर आणि दुसरा लोखंडी जाळीच्या ड्रेनवर असेल. बिघाड तोच, फक्त माणूस जमिनीशी जास्त चांगला जोडलेला. म्हणून झिणझिण्यांना सौम्य शॉक समजू नका. त्या दिवशी नशिबाने मध्ये आलेला अडथळा, एवढाच त्यांचा अर्थ.

गीझरमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे वायरमन काय बोलतोय ते तुम्हाला पारखता येईल. ज्याला आपण कॉइल म्हणतो ती पाण्यात उघडी तार नसते. आत नायक्रोमची तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट ठासलेली पांढरी भुकटी आणि बाहेर तांब्याची किंवा मिश्रधातूची नळी. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बाहेरच्या नळीवर क्षार चढले की ती पाण्याला उष्णता नीट देऊ शकत नाही, जास्त तापते, गंजते आणि कुठेतरी सुईच्या टोकाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी भुकटीत शिरतं आणि वीज बाहेर पाझरायला लागते. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे लवकर होतं. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. टाकीऐवजी तो झिजतो. जड पाण्यात तो वर्ष-दोन वर्षांत संपतो आणि आपल्याकडे तो बदलायची आठवण कोणालाच राहत नाही.

पण ही झाली अर्धी गोष्ट. कॉइल फुटणं हा गीझरच्या आयुष्यातला अपेक्षित बिघाड आहे. गीझर बनवणाऱ्याने तो गृहीत धरलेला असतो, म्हणून टाकीला हिरवी अर्थिंगची वायर जोडलेली असते. पाझरलेली वीज त्या वायरीतून जमिनीत जावी, नळापर्यंत पोहोचूच नये, अशी ती योजना. तुमच्या नळाला करंट जाणवतो याचा अर्थ कॉइल फुटली आहे किंवा कुठूनतरी वीज पाझरते आहे, हा एक बिघाड. आणि ती वाहून नेणारी अर्थिंग तुटलेली, सैल किंवा मुळातच नाही, हा दुसरा. अर्थिंग धडधाकट असलेल्या घरात शॉवरखाली झिणझिण्या सहसा येत नाहीत. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. नवा गीझर आणलात तर झिणझिण्या कदाचित थांबतील, सगळ्यांना बरं वाटेल, आणि अर्थिंग तशीच तुटलेली राहील. काही वर्षांनी नव्या गीझरचीही कॉइल फुटेल. त्या वेळी झिणझिण्यांची आगाऊ सूचना मिळेलच असं नाही.

अर्थिंग कुठे जाते? जुन्या इमारतींत एक प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आधी तोच तपासतो. पूर्वी बाथरूमच्या बोर्डाची अर्थिंग जवळच्या जीआय पाण्याच्या पाइपला गुंडाळून टाकायची पद्धत होती. पद्धत चुकीचीच, पण लोखंडी पाइप खाली जमिनीपर्यंत जात होता म्हणून वर्षानुवर्षं निभावलं. मग बाथरूमचं नूतनीकरण झालं, प्लंबरने गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसीचे टाकले. प्लंबरचं काम उत्तम झालं, नव्या टाइल्स आल्या, आणि अर्थिंगची वायर भिंतीत प्लॅस्टिकच्या पाइपशेजारी लोंबकळत राहिली. शहरातल्या एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत असंच झालं होतं. तिथल्या आजोबांनी तीन महिन्यांत दोन गीझर बदलले होते. तिसऱ्या वेळी मला बोलावलं. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत व्यवस्थित जोडलेली होती. तिचं दुसरं टोक मात्र कुठेच जात नव्हतं. तुमच्या बाथरूमचं काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालं असेल तर हा मुद्दा वायरमनला आवर्जून सांगा.

दुसरा प्रकार याहून वाईट. अर्थिंग नाही हे कळल्यावर काही जण सॉकेटमध्येच अर्थच्या पिनेला न्यूट्रलशी (वीज परत नेणाऱ्या वायरीशी) लूप मारतात, म्हणजे वायरीच्या तुकड्याने दोन्ही जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लावला की दिवा लख्ख पेटतो, सगळं ठीक दिसतं. पण कधी न्यूट्रल तुटला, आणि जुन्या मीटररूममध्ये तो सैल होतोच, तर गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज यांच्या पत्र्यांवर थेट २३० व्होल्ट येतात, तेही त्या उपकरणांत कुठलाही बिघाड नसताना. सॉकेट उघडल्यावर हिरव्या आणि काळ्या वायरीच्या स्क्रूमध्ये छोटा तुकडा जोडलेला दिसला तर तो तुमच्यासमोर काढायला लावा.

टेस्टरबद्दलही बोलायला हवं. निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं नसतं. टेस्टर धरणाऱ्याच्या अंगातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो; धरणारा लाकडी स्टुलावर, जाड तळव्यांच्या बुटात असेल तर त्याला पुसटसा प्रकाश दिसतो किंवा दिसतच नाही. उलट काही वेळा शेजारच्या वायरीमुळे नुसताच मंद पेटतो. बाथरूमची चौकशी टेस्टरवर संपवणारा वायरमन परत बोलावू नका, दुसरा बघा. परवानाधारक ठेकेदाराकडचा, ज्याच्याकडे मल्टिमीटर आणि मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजणारं यंत्र) आहे असा. फोनवरच विचारा, "मेगर आहे का?" या एका प्रश्नाने बरीचशी निवड होऊन जाते.

तो आला की काम या क्रमाने व्हायला हवं. मेन बंद. गीझरचं झाकण उघडून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने कॉइलचं टोक आणि टाकी यांच्यातलं इन्सुलेशन मोजायचं. चांगली कॉइल कित्येक मेगाओहम दाखवते. एक मेगाओहमच्या खाली आली की मी ती ठेवत नाही, शून्याजवळ असेल तर फुटलीच. पाणी गार असताना एकदा आणि गीझर तापवून, पुन्हा वीज तोडून एकदा, असं दोन्ही वेळा मोजलं तर उत्तम, कारण बारीक फटी तापल्यावर वेगळ्या वागतात. अर्थात अर्थिंग सापडेपर्यंत तापवून बघायचं नाही. त्यानंतर गीझरच्या बॉडीपासून पिनच्या जाड पायापर्यंत, आणि सॉकेटच्या अर्थपासून डीबीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत सलगता, म्हणजे जोडणी मध्ये कुठे तुटलेली नाही ना, ते मोजायचं. एक ओहमच्या आत हवी. मग डीबीपासून खाली मीटररूममधल्या अर्थपर्यंत. पुष्कळ वायरमन डीबीपाशी थांबतात. खालचा खड्डा सोसायटीचा, म्हणून कोणी बघत नाही. तो बघायलाच हवा.

कॉइल मेगरला चांगली निघाली तर? असंही होतं, आणि म्हणूनच मी गार पाण्यानेसुद्धा तिथे आंघोळ करू नका म्हणालो. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या वायरी डीबीत एकत्र येतात. ती पट्टी पुढे जमिनीला जोडलेलीच नसेल, तर वॉशिंग मशीनमधली गळती गीझरच्या टाकीवर आणि तिथून नळावर येते. गीझर बिचारा निर्दोष असतो. भिंतीतल्या वायरीला ओल लागून पावसाळ्यात करंट उतरल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पुण्यात आणखी एक ठिकाण बघा: गच्चीवरचा सोलर. त्याच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. ती फुटली, आणि पाइप धातूचे असले तर घरचा गीझर बंद असूनही नळाला करंट जाणवतो. 'आम्ही गीझर लावलाच नव्हता तरी शॉक बसला' असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा गच्चीवर जातो.

एक गोष्ट मात्र स्वतः अजिबात करू नका: पिन काढून 'आता येतो का बघू' म्हणत नळाला हात लावणं. माणसाचा हात हे मोजण्याचं साधन नाही.

आता आरसीसीबीबद्दल, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणाऱ्या डीबीतल्या स्विचबद्दल, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि डीबीत ती नसावी असा माझा अंदाज आहे. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून २०० मिलिअँपिअर जात असताना तो ढिम्म हलणार नाही, कारण त्याचं काम वायर जळण्यापासून वाचवणं हे आहे. आरसीसीबी वेगळं मोजते: फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलमधून परत आली का. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की ती सेकंदाच्या काही दशांशांत लाइन तोडते, आणि फरक मोठा असेल तर त्याहूनही झटकन. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्या. दुकानदार १०० किंवा ३०० ची देऊ करेल. ती आगीपासून बचावासाठी असते, माणसासाठी नाही.

अर्थिंग नसतानाही आरसीसीबी काम करते, पण तेव्हा वीज कोणाच्या तरी अंगातून गेल्यावरच तिला फरक कळतो. अर्थिंग असेल तर कॉइल फुटताक्षणी वीज हिरव्या वायरीतून जाते आणि कोणी बाथरूममध्ये शिरण्याआधीच लाइन तुटते. दोन्ही हवंच. भाड्याच्या घरात, जिथे अर्थिंगचा खड्डा आपल्या हातात नसतो, तिथे निदान आरसीसीबी तरी बसवूनच घ्या. सोसायटीची मीटिंग होऊन खड्डा होईपर्यंत तोच एक आधार असतो.

जुन्या घरात ती बसवली की सारखी पडते अशी तक्रार येते. अशा वेळी वायरमन ती काढून लाइन 'डायरेक्ट' करून देतो आणि घरचे त्याचे आभार मानतात. मला हे पाहवत नाही. पडते याचा अर्थ एकतर खरंच गळती आहे किंवा कुठेतरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. दोन्ही शोधता येतं. सगळ्या पिना काढा, आरसीसीबी उचला, मग एकेक उपकरण लावत जा. ज्याच्या वेळी पडली ते बाजूला काढा. एवढं तुम्हीही करू शकता. सगळं काढूनही ती उभीच राहत नसेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, तिथून पुढचं काम वायरमनचं. बसवल्यावर महिन्यातून एकदा तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. पडली तर ठीक, पडली नाही तर ती बदला.

अर्थिंगचा खड्डा सोसायटीत कसा आहे यावर बरंच अवलंबून असतं. आपल्याकडे देशावर मुरूम आणि खडक, कोकणात जांभा. दोन्ही वीज सहज मुरवणारी माती नव्हे. पावसाळ्यात खड्डा छान आकडा दाखवतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडून निकामी होतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा. अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार मिश्रण, आणि उन्हाळ्यात पाणी घालायला वर तोंड. घरगुती इमारतीला पाच ओहमच्या आत आला तर मी समाधानी असतो. रत्नागिरीकडे एका घरी जांभ्यात एका खड्ड्याने भागेना, तेव्हा विहिरीच्या बाजूला ओलसर जागेत दुसरा करून दोन्ही जोडले, मग कुठे आकडा खाली आला.

तुमच्या गीझरच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. १५ लिटरचा गीझर बहुधा २,००० वॉटचा, म्हणजे ८.७ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि किमान अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर हवी, एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही. पिन का बदलावी लागली होती? काळी पडली होती का? तसं असेल तर सॉकेटही बदला, कारण सैल सॉकेटच पिन जाळतं. स्विच बाथरूमच्या बाहेर असावा आणि डबल पोल, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, असावा. साधा स्विच एकच तार तोडतो. ती चुकून न्यूट्रलची असेल तर स्विच बंद असूनही कॉइलमध्ये फेज उभा राहतो. गीझर बंद करून आंघोळीला जायची आपल्या घरांतली सवय चांगली आहे, पण तिचा उपयोग डबल पोल स्विचनेच पक्का होतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडत असतील तर पडू द्या, तापलेलं पाणी फुगतं. थेंब नकोत म्हणून तिथे बूच मारलेले गीझर मी पाहिले आहेत. थर्मोस्टॅट चिकटला, कटआउटला (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) बायपास केलेला असला आणि व्हॉल्व्हही बंद असला तर ती टाकी फुटते आणि भिंतीसकट येते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. क्षार कमी चढतात, भाजण्याचा धोकाही कमी होतो.

गीझर बदलायचा का? टाकीतून गंजट पाणी येत असेल, तळाशी ओल दिसत असेल किंवा तो दहा वर्षांच्या पुढचा असेल तर बदला. नाहीतर आयएसआय चिन्हाची कॉइल, नवं गॅस्केट आणि नवा अ‍ॅनोड एवढ्यात भागतं. शॉकच्या भीतीने बाथरूमच्या आत गॅस गीझर मात्र लावू नका. बंद बाथरूममध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि आतल्या माणसाला उठून दार उघडायची ताकदही राहत नाही. पाण्यात सोडायचा हीटरचा रॉडही दोन दिवसांची सोय म्हणून आणू नका. अर्थिंग नसलेल्या घरात तो गीझरपेक्षा वाईट.

हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा: कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद. मेन स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने त्याला सुटा करा, स्वतः कोरड्यात उभे राहून. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, बरं वाटतंय म्हणाला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढा.

तपासणी झाली की वायरमनकडून चार आकडे लिहून घ्या आणि डीबीच्या झाकणाच्या आत तारखेसकट चिकटवा: कॉइलचं इन्सुलेशन, गीझर ते डीबी सलगता, डीबी ते खालचा खड्डा सलगता, आणि खड्ड्याचा ओहम. तेच आकडे मलाही कळवा, सोबत दोन गोष्टी: बाथरूमचे पाइप कधी बदलले आणि गच्चीवर सोलर आहे का. कॉइल चांगली निघाली आणि तरीही नळावर व्होल्टेज दिसत असेल तर पुढे कुठे शोधायचं ते त्यावरून सांगता येईल.